एक सौरप्रकल्प, दोनदा गेलेली जमीन: मोहावी वाळवंटातला वाद समजून घेताना

लॉस एंजेलिसहून लास वेगासला गाडीने गेलेल्यांनी इव्हान्पाचे मनोरे नक्की पाहिले असतील. अमेरिकेत फिरायला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं हाच रस्ता धरतात. कॅलिफोर्नियाची हद्द संपायच्या जरा आधी, डाव्या हाताला, उघड्या माळावर सुमारे १४० मीटर उंचीचे तीन मनोरे दिसतात आणि त्यांच्याभोवती जवळजवळ साडेतीन हजार एकरांवर आरसेच आरसे. २०१४ साली हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सूर्याच्या उष्णतेवर वीज करणारा तो जगातला सर्वांत मोठा प्रकल्प होता. पाहणाऱ्याला वाटतं, जागा किती योग्य निवडली! ऊन भरपूर, वस्ती नाही, शेत नाही, जंगल नाही. इथे नाही तर सौरऊर्जा आणखी कुठे उभारायची?

या प्रश्नावर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत पंधरा-सोळा वर्षं भांडण चालू आहे. त्यात तीन पक्ष आहेत. हवामानबदल रोखायचा म्हणून स्वच्छ वीज हवी असणारे, वाळवंटातले प्राणी आणि झाडं वाचवू पाहणारे, आणि सुट्टीच्या दिवशी डर्ट बाइक, जीप, डून बग्गी घेऊन याच वाळवंटात जाणारे. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच हा वाद नीट समजून घेण्यासारखा आहे. हवामानबदलाविरुद्धच्या लढाईत मी सौरऊर्जेच्या बाजूचा आहे. तरीही मोहावीच्या बाबतीत जागा निवडताना मोठी चूक झाली आणि अजून होते आहे, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

ही जमीन कोणाची?

मोहावी वाळवंट कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना आणि युटा या राज्यांत पसरलेलं आहे. त्यातली बरीचशी जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची. एकोणिसाव्या शतकात सरकारने शेतीसाठी जमिनी वाटल्या, रेल्वे कंपन्यांना दिल्या, पुढे राष्ट्रीय उद्यानं आणि वनं बाजूला काढली. यानंतर जे उरलं, कोरडं, पाण्यावाचून कोणी न घेतलेलं, ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याकडे आलं. हे खातं आज साधारण साडेचोवीस कोटी एकर सांभाळतं. अमेरिकेच्या एकूण जमिनीचा हा जवळपास दहावा हिस्सा आहे.

१९७६ च्या कायद्याने या जमिनीचा ‘बहुउपयोग’ करायचा असं ठरवून दिलं. म्हणजे तिथे गुरं चरतील, खाणी चालतील, लोक फिरतील, शिकार करतील, वन्यजीव राहतील, वीज तयार होईल, आणि या सगळ्यांचा तोल खातं सांभाळेल. कागदावर हे छान दिसतं. गुरं, माणसं आणि कासवं एकाच माळावर कशीबशी नांदूही शकतात. सौरप्रकल्पाची गोष्ट मात्र वेगळी. तो आला की भोवती कुंपण पडतं आणि पुढची तीस वर्षं त्या जमिनीचा दुसरा कोणताही उपयोग उरत नाही. बहुउपयोगाच्या जमिनीवर आलेला हा एकच उपयोग सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे.

पॅनेलच्या प्रकल्पाला एका मेगावॉटमागे साधारण पाच ते आठ एकर जागा लागते. पाचशे मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे अडीच ते चार हजार एकर. एवढी सपाट, सलग जमीन खाजगी मालकांकडून जमवायची तर शेकडो जणांशी बोलणी करावी लागतात. सरकारी वाळवंटात एका खात्याकडे एक अर्ज केला की झालं. त्यात २००५ च्या ऊर्जा कायद्याने सार्वजनिक जमिनीवर दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट स्वच्छ वीज उभारण्याचं उद्दिष्ट ठेवलं. कॅलिफोर्नियाने आधी ३३ टक्के, आणि २०१८ च्या कायद्याने २०४५ पर्यंत १०० टक्के स्वच्छ विजेचं ध्येय ठरवलं. कंपन्यांनी वाळवंटाकडे धाव घेतली ती या सगळ्यामुळे. नुसतं ऊन हे कारण नव्हतं.

कासव

या वाळवंटाचं मुख्य पात्र आहे वाळवंटी कासव. ते पन्नास ते ऐंशी वर्षं जगतं आणि त्यातला सुमारे ९५ टक्के काळ बिळात काढतं. पावसानंतर चार दिवस हिरवळ फुटते तेव्हा बाहेर येऊन खातं, पाणी पितं आणि ते पाणी मूत्राशयात साठवून महिनोन्‌महिने पुरवतं. कोणी उचललं तर घाबरून हे पाणी सोडून देतं, आणि ऐन उन्हाळ्यात तेवढ्यावरून त्याचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे प्रशिक्षण आणि परवानगी नसलेल्या माणसाने त्याला हातही लावायचा नाही असा नियम आहे.

मादीला अंडी घालण्याच्या वयात यायला बारा ते वीस वर्षं लागतात. पिल्लाचं कवच पहिली पाच-सहा वर्षं मऊ असतं, आणि त्या काळात रेव्हन जातीचे मोठे कावळे ते सहज फोडतात. पूर्वी वाळवंटात हे कावळे थोडे होते. माणसाबरोबर कचऱ्याचे ढीग आले, सांडपाण्याची तळी आली, घरट्यांसाठी विजेचे खांब आले, आणि कावळे अनेक पटींनी वाढले. म्हणजे पिल्लांवर संकट यायला गाडीचं चाक त्यांच्या अंगावरून जावं लागत नाही. जवळपास पाण्याचा टँकर गळत असला तरी पुरे.

मोहावीतल्या या कासवाला १९९० मध्ये केंद्रीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं, आणि १९९४ मध्ये सुमारे ६४ लाख एकर जमीन त्याचा अत्यावश्यक अधिवास म्हणून जाहीर झाली. तरी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत प्रौढ कासवांची संख्या एकूण क्षेत्रात जवळपास एक तृतीयांशाने घटली. पश्चिम मोहावीत तर ती निम्म्यावर आली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला आपल्या यादीत ‘धोक्यात’ या अधिक गंभीर वर्गात टाकलं. हे सगळं सौरऊर्जेमुळे झालेलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. रस्ते, शहरं, रोग, दुष्काळ, कावळे, गुरं, लष्करी तळ, बाहेरून आलेल्या गवतामुळे पेटणारे वणवे, सगळ्यांनी मिळून त्याला इथवर आणलं. सौरप्रकल्प या यादीत उशिरा आले. पण ते आले तेव्हा कासवाकडे गमावण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

इव्हान्पाचं काम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. तिथे थोडीच कासवं असतील असा आधी अंदाज होता. खोदकाम सुरू झाल्यावर एकामागून एक बिळं सापडू लागली. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये बीएलएमला प्रकल्पाच्या काही भागाचं काम थांबवावं लागलं. अंदाज चुकला यात नवल नाही. आयुष्यभर जमिनीखाली राहणारा प्राणी, आणि सर्वेक्षण कोरड्या वर्षात केलं तर तो वर येतच नाही. नंतर कासवं हलवली, त्यांच्यासाठी बंदिस्त वाडे बांधले, त्यात पिल्लं वाढवली. कंपनीने यावर कोट्यवधी डॉलर खर्च केले.

पण कासव हलवणं म्हणजे कासव वाचवणं नव्हे. प्रौढ कासवाला आपल्या परिसरातलं प्रत्येक बीळ, पाणी साचण्याचा प्रत्येक खळगा माहीत असतो. नव्या जागी सोडलं की ते घराकडे चालत सुटतं, उन्हात फिरतं, शिकाऱ्यांच्या तावडीत सापडतं. २००८ मध्ये फोर्ट अर्विन या लष्करी तळाच्या विस्तारासाठी शेकडो कासवं हलवली. त्या दुष्काळी वर्षात कोयोटींनी, म्हणजे कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्यांनी, त्यांतली बरीच मारली आणि मोहीम थांबवावी लागली. २०२१ मध्ये नेवाडातल्या पारम्पजवळ यलो पाइन प्रकल्पासाठी शंभरावर कासवं हलवली. काही आठवड्यांतच त्यातल्या तीसच्या आसपास कासवांचा बॅजरनी फडशा पाडला. बॅजर हा बिळं उकरून शिकार करणारा प्राणी. दुष्काळात त्याचं नेहमीचं खाणं संपलं होतं, आणि अनोळखी मुलखात आसरा शोधणारी कासवं त्याच्यापुढे आयती आली. दोन्ही वेळी वर्ष दुष्काळाचं होतं. अशा वर्षी कासवं हलवूच नयेत हा धडा एकदा मिळूनही दुसऱ्यांदा तेच झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

कासवाबद्दल एवढं लिहिलं कारण कायदा त्याच्या नावाने चालतो. पण तिथलं जग त्याच्यापुरतं नाही. जोशुआ वृक्ष आहेत, वळणदार शिंगांची बिगहॉर्न रानमेंढरं आहेत, मोठ्या कानांची किट फॉक्स नावाची इवलीशी खोकडं आहेत. क्रिओसोट या साध्या दिसणाऱ्या झुडपाचं एक वर्तुळ ल्यूसर्न व्हॅलीजवळ आहे. एकाच मुळापासून फुटत फुटत ते पसरलं आहे, आणि त्याचं वय शास्त्रज्ञांनी सुमारे ११,७०० वर्षं काढलं आहे. इथली माती फार हळू भरून येते. १९४२ मध्ये जनरल पॅटनने सैन्याच्या सरावासाठी इथे रणगाडे फिरवले, त्यांच्या पट्ट्यांचे व्रण आजही काही ठिकाणी दिसतात. अशा जमिनीवर बुलडोझर फिरवून तीस वर्षांनी ‘पूर्ववत करू’ असं करारात लिहिता येतं. तसं करून दाखवणं माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

बाइक आणि जीपवाले

डर्ट बाइकवाले म्हणजे उनाड, गोंगाट करणारे, निसर्गाचं वाटोळं करणारे लोक, असं चित्र बाहेरच्या माणसाच्या मनात असतं. ते अपुरं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हजारो कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची ही पिढ्यांची सुट्टी आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हा यांचा हंगाम. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलरला गाड्या बांधायच्या, वाळवंटात तंबू किंवा कॅम्पर लावायचा, दिवसा गाड्या हाकायच्या, रात्री शेकोटी. आजोबांनी मुलाला जिथे गाडी शिकवली, तिथेच नातू शिकतो. आणि सगळेच काही शर्यतीवाले नसतात. जुन्या खाणी पाहणारे, दगड गोळा करणारे, पक्षी पाहणारे, शिकारी, तिथवर पायी पोहोचू न शकणारे म्हातारे आणि अपंग, या सगळ्यांना त्याच कच्च्या वाटा लागतात.

या लोकांची जागा गेली पन्नास वर्षं आक्रसत चालली आहे. एके काळी बहुतेक वाळवंटात कुठेही गाडी घालता येत असे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सार्वजनिक जमिनीवर गाड्यांसाठी हद्दी ठरवायला सांगितलं. मग बीएलएमने जमीन तीन प्रकारांत विभागली: खुली, म्हणजे कुठेही फिरा, मर्यादित, म्हणजे आखलेल्या वाटांवरूनच, आणि बंद. बार्स्टो ते लास वेगास ही प्रसिद्ध मोटरसायकल शर्यत कासवाला संरक्षण मिळाल्यानंतर कायमची थांबली. १९९४ च्या कायद्याने मोहावी राष्ट्रीय अभयारण्य झालं, मोठे पट्टे वाहनांना बंद झाले. जॉन्सन व्हॅली हे देशातल्या सर्वांत मोठ्या खुल्या क्षेत्रांपैकी एक. ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही खडकांवरची शर्यत तिथेच भरते. २०१३ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने तिथली जवळपास निम्मी जमीन मरीन सैन्याच्या सरावासाठी गेली.

यातले अनेक निर्णय मला योग्य वाटतात. गाड्यांनी बिळं दबतात, कासवं चिरडतात, मातीचा वरचा जिवंत थर फुटतो. कॅलिफोर्निया सिटीजवळ कासवांसाठी राखलेलं एक कुंपणबंद क्षेत्र आहे. त्याच्या तारा जमिनीपासून थोड्या उंच ठेवल्या आहेत, म्हणजे कासव खालून जाईल पण बाइक आणि मेंढ्या अडतील. आतली कासवांची घनता आसपासच्या भागापेक्षा स्पष्ट जास्त आढळली आहे. म्हणजे वाहनांना आवर घालण्याचा फायदा होतो. पण हे सगळं पन्नास वर्षं सहन केलेल्या माणसाला उद्या कळतं, की कासवासाठी तुमची बाइक जिथून हटवली त्या माळाशेजारी आता बुलडोझरला परवानगी मिळाली आहे. त्याचा संताप समजून घ्यायला त्याच्या छंदावर प्रेम असण्याची गरज नाही.

एका कुंपणामागचं दुसरं कुंपण

बातम्यांत या वादाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सहसा येतच नाही. सौरप्रकल्पाने कासवांचा अधिवास नष्ट केला तर कायद्याप्रमाणे कंपनीने भरपाई द्यायची. ही भरपाई नुसती पैशात नसते, मुख्यतः जमिनीत असते. दुसरीकडे कासवांना योग्य अशी जमीन विकत घेऊन ती कायमची राखायची, चराईचे हक्क विकत घेऊन गुरं काढायची, जुन्या वाटा बंद करून तिथे झुडपं लावायची. नष्ट झालेला अधिवास जितका महत्त्वाचा, तितकी भरपाई जास्त. काही ठिकाणी एका एकरामागे अनेक एकर द्यावे लागतात.

आता हिशेब पाहा. समजा तीन हजार एकरांवर प्रकल्प आला. त्या तीन हजार एकरांतल्या वाटा कुंपणात गेल्या. शिवाय भरपाई म्हणून दुसरीकडची सहा हजार एकर जमीन राखली गेली, तिथल्याही काही वाटा बंद झाल्या. बाइकवाल्याची जमीन एका प्रकल्पापायी दोनदा गेली.

आणि कासवाचं काय? भरपाईची जमीन काही नव्याने तयार होत नाही. ती आधीही वाळवंटच होती, तिथे आधीही कासवं होती. तीन हजार एकर नष्ट झाले आणि आधीच असलेले सहा हजार एकर ‘वाचवले’ असं म्हटलं, तरी एकूण अधिवास तीन हजार एकरांनी घटला तो घटलाच. हलवून आणलेली कासवं तिथे आली की होती त्याच चाऱ्यावर आणि पाण्यावर जास्त तोंडं. त्यामुळे कासवालाही एकाच प्रकल्पाचा दोनदा फटका बसतो.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाचा एक मोठा नियोजन आराखडा मंजूर झाला. आठ वर्षं खपून तयार केलेला, बीएलएमच्या एक कोटी आठ लाख एकरांना लागू होणारा. त्यात सुमारे ३ लाख ८८ हजार एकर सौर, वारा आणि भूऔष्णिक प्रकल्पांसाठी काढले, सुमारे ६५ लाख एकर संवर्धनासाठी, आणि सुमारे ३६ लाख एकर मनोरंजनासाठी, ज्यातला काही भाग संवर्धनाच्या जमिनीवरच येतो. प्रत्येक प्रकल्पावर वेगळं भांडण्यापेक्षा आधी नकाशा ठरवा, ही कल्पना उत्तमच होती. पण त्यातही एक मेख आहे. संवर्धनाच्या जमिनीत किती टक्के भाग विस्कटलेला चालेल याची कमाल मर्यादा घातली आहे, बहुतेक ठिकाणी एक टक्का किंवा त्याहूनही कमी. आणि आधीपासूनच्या कच्च्या वाटाही या विस्कटलेल्या भागातच मोजल्या जातात. मर्यादा ओलांडली गेली की काहीतरी बंद करून भरून काढावं लागतं, आणि एखादी वाट बंद करणं सर्वांत सोपं असतं.

यामुळे होतं काय, तर कासववाले आणि बाइकवाले एकमेकांच्या अंगावर जातात. एक बाजू न्यायालयात जाऊन वाटा बंद करायला लावते, दुसरी वाटा उघड्या ठेवण्यासाठी लढते. पश्चिम मोहावीत कोणत्या वाटा चालू ठेवायच्या यावर २००६ मध्ये योजना झाली, २००९ मध्ये न्यायालयाने ती सदोष ठरवली, २०१९ मध्ये नवी आली, तिलाही आव्हान मिळालं. उरलेल्या तुकड्यांवर दोघे भांडत असताना मोठे तुकडे तिसऱ्याच्या अर्जांवर निघून जातात.

मॉर्मन मेसा: दोघे एकत्र आले तेव्हा

एका जागी मात्र असं झालं नाही. लास वेगासच्या ईशान्येला, ओव्हरटन गावाजवळ मॉर्मन मेसा नावाचं रुंद पठार आहे. तिथे ‘बॅटल बॉर्न’ नावाचा ८५० मेगावॉटचा सौरप्रकल्प येणार होता, नऊ हजारांहून जास्त एकरांवर. हे पठार कासवांचं आहे, आणि आसपासच्या गावकऱ्यांचं, बाइकवाल्यांचं, तंबू टाकणाऱ्यांचं, आकाशातून उड्या मारणाऱ्यांचंही आहे. शिवाय पठाराच्या कडेला मायकेल हाइझर या कलावंताने १९६९-७० मध्ये दोन प्रचंड चर खोदून केलेलं ‘डबल निगेटिव्ह’ हे शिल्प आहे, ते पाहायला जगभरातून लोक येतात.

‘सेव्ह अवर मेसा’ या स्थानिक गटाने विरोध उभा केला. एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक त्यात एकत्र आले. अखेर २०२१ च्या जुलैमध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

अशीच एक गोष्ट २०१९ मध्ये कायद्याच्या पातळीवर घडली होती. अमेरिकी संसदेने संमत केलेल्या सार्वजनिक जमिनींच्या कायद्यात कॅलिफोर्निया वाळवंटातली सहा क्षेत्रं वाहनांसाठी कायमची राखली: जॉन्सन व्हॅली, स्टॉडर्ड व्हॅली, एल मिराज, स्पँगलर हिल्स, रेझर आणि ड्युमाँट ड्यून्स. त्याच कायद्याने लाखो एकर नवं कडक संरक्षणाचं रानही जाहीर केलं. म्हणजे दोघांनाही काही मिळालं आणि ते लेखी मिळालं. अशी तडजोड होऊ शकते हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मात्र खुल्या क्षेत्राच्या सीमेपलीकडे काय येईल यावर तो कायदा गप्प आहे. रेझरला लागूनच सोडा माउंटन या सौरप्रकल्पाचा प्रस्ताव कित्येक वर्षं रेंगाळत राहिला. बिगहॉर्न मेंढरांना महामार्ग ओलांडून जाण्यासाठी हाच पट्टा हवा, असं वन्यजीव अभ्यासक सांगत आले आहेत.

सौरऊर्जावाल्यांचं म्हणणं

त्यांची बाजू कमकुवत नाही. मोहावीत शंभर वर्षांपूर्वी जिथे पक्ष्यांची मोजणी झाली होती, तिथे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी पुन्हा मोजणी केली. २०१८ मध्ये त्यांनी मांडलं, की एकेका ठिकाणच्या पक्षिजातींची संख्या सरासरी ४३ टक्क्यांनी घटली आहे, आणि मुख्य कारण कमी झालेला पाऊस आणि वाढलेली उष्णता. २०२० मध्ये सिमा डोम इथल्या वणव्यात सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष जळाले. वाळवंट जसंच्या तसं राखलं तरी हवा तापतच राहिली तर ते वाचणार नाही. कोळसा आणि वायू जाळणं थांबवायचं तर वीज कुठून तरी यायलाच हवी.

शिवाय तंत्रही सुधारतं आहे. लास वेगासजवळचा ‘जेमिनी’ हा ६९० मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये पूर्ण झाला. तिथे बऱ्याच भागात जमीन खरवडून सपाट केली नाही. झुडपं वरून छाटली, मुळं आणि माती राहू दिली, कुंपणाखाली कासवांना परत येण्यासाठी फटी ठेवल्या. बांधकामानंतर तिथे एक दुर्मीळ वनस्पती पुन्हा उगवलेली अभ्यासकांना आढळली. आजवरच्या खरवडलेल्या जमिनींपेक्षा हे निश्चित चांगलं आहे. मात्र बाइकवाल्यासाठी कुंपण ते कुंपणच.

आणि इव्हान्पा? तिथलं तंत्र आरशांनी उष्णता मनोऱ्यावर गोळा करण्याचं. त्या झोतात सापडून पक्षी होरपळले, याच्या नोंदी आहेत. दरम्यान साधी पॅनेलं इतकी स्वस्त झाली, की २०२५ च्या जानेवारीत पीजी अँड ई या वीज कंपनीने तिथली वीज घेण्याचा करार मुदतीच्या बराच आधी संपवायचं ठरवल्याचं जाहीर झालं. प्रकल्प सुरू होऊन पुरती अकरा वर्षंही झाली नव्हती.

आपल्याकडचा धागा

हे सगळं आपल्याला अनोळखी नाही. राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटात माळढोक जेमतेम तगून आहे आणि सौर-पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांना धडकून मरतो. हा जड पक्षी, त्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं आणि २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून समिती नेमली. सोलापूरच्या नान्नजला याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे. आपल्याकडेही सरकारी नोंदीत माळरान म्हणजे पडीक जमीन. गायरानावर सौरप्रकल्पाची पॅनेलं येणार म्हटलं की गावात जो वाद होतो, त्यातला मेंढपाळ आणि मोहावीतला बाइकवाला यांची गरज सारखी नाही. मेंढपाळाचं पोट त्यावर आहे. पण ज्या वाटेने रोज जात होतो ती एका सकाळी तारेच्या आड गेलेली असणं, हा अनुभव दोघांचा एकच.

मग वीज कुठे करायची?

आधी मोडलेल्या जमिनीवर. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता, की देशातल्या योग्य छपरांवर पॅनेलं लावली तर देशाच्या गरजेच्या सुमारे ३९ टक्के वीज मिळू शकते. कॅलिफोर्नियात हे प्रमाण याहून खूप जास्त निघालं. अर्थात छपरावरची वीज मोठ्या प्रकल्पापेक्षा महाग पडते, आणि रात्रीसाठी बॅटऱ्या लागतात. पण २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने छपरावरून सार्वजनिक वीजजाळ्यात सोडलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कमी केला. एकीकडे ‘वाळवंटाशिवाय पर्याय नाही’ म्हणायचं आणि दुसरीकडे पर्याय महाग करून ठेवायचा, याला मी धोरण म्हणणार नाही.

कालव्यांवरही पॅनेलं बसतात. २०१२ मध्ये गुजरातेत नर्मदेच्या कालव्यावर हा प्रयोग झाला, आता कॅलिफोर्नियातल्या टरलॉक भागात तसाच प्रयोग चालू आहे.

पण सर्वांत मोठी संधी कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकीन या शेतीच्या खोऱ्यात आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी इतकं भूजल उपसलं, की २०१४ च्या कायद्याने उपशावर बंधनं आली, आणि २०४० पर्यंत पाच लाख एकरांहून जास्त शेती पाण्यावाचून पडीक टाकावी लागेल असा अंदाज आहे. ही जमीन आधीच नांगरलेली, सपाट, अनेक ठिकाणी खारावलेली. कासव तिथे नाही, बाइकची वाट नाही. तिथल्या वेस्टलँड्स या ‘पाणी जिल्ह्या’ला, म्हणजे शेतीला पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक संस्थेला, २०२४ च्या कायद्याने स्वतःच्या वीजवाहिन्या उभारण्याची मुभा दिली, आणि एक लाखाहून जास्त एकरांचा आराखडा तिथे आखला गेला आहे. अडचणी तिथेही आहेत. शेतमजुरांची कामं जातील, धुळीतून व्हॅली फीव्हर हा फुप्फुसांचा आजार पसरण्याची भीती आहे, आणि वाहिन्या उभ्या राहायला दहा-दहा वर्षं लागतात.

केंद्रात मात्र धोरण लंबकासारखं झुलतं आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बायडन सरकारने पश्चिमेच्या अकरा राज्यांतली तीन कोटी दहा लाख एकर सार्वजनिक जमीन सौरप्रकल्पांच्या अर्जांसाठी खुली केली. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने जवळपास उलटी दिशा धरली आणि ऑक्टोबरमध्ये नेवाडातल्या ‘एस्मेराल्डा ७’ या प्रचंड प्रकल्पसमूहाचा एकत्रित पर्यावरण आढावा रद्द झाला. वन्यजीवप्रेमींपैकी काहींना हायसं वाटलं असेल. पण तो आढावा रद्द होण्यामागे कासवाचा किंवा रानमेंढरांचा विचार नव्हता, आणि त्याच जमिनीवर उद्या खाण मागितली तर तिला हे सरकार हसतमुखाने परवानगी देईल. कासववाले आणि बाइकवाले यांनी मॉर्मन मेसावर जे केलं ते प्रत्येक अर्जाच्या वेळी नव्याने करावं लागू नये, तर सोडलेल्या शेतजमिनी, छपरं आणि कालवे आधी आणि वाळवंट शेवटी, हा क्रम कायद्यात लिहायला हवा. आजवर तो कोणत्याही सरकारने लिहिलेला नाही.